उंबऱ्याअलीकडे शेत, पलीकडे कारखाना: शेतीउद्योगासाठी घेतलेल्या कामगार-कायदा सल्लासेवेचे परीक्षण

खरड छाटणीनंतरची कामे उरकून बागा जरा निवांत झाल्या, तेव्हा गेल्या जुलैमध्ये मी नाशिकमधील एका कामगार-कायदा सल्लागार संस्थेची वर्षभराची सेवा घेतली. दिंडोरी तालुक्यात माझी ११ एकर द्राक्षबाग आहे आणि बागेलाच लागून माल थंड करण्याच्या दोन (प्री-कूलिंग) खोल्यांचे लहानसे पॅकहाऊस आहे, ज्यात माझ्याबरोबर शेजारच्या चार बागायतदारांचा मालही भरला जातो. सेवेचे शुल्क २४,००० रुपये अधिक जीएसटी असे होते. त्यात तीन दिवसांचा वर्ग, बाग आणि पॅकहाऊसला दोन भेटी, नोंदवह्या व करारांचे तयार नमुने आणि वर्षभर फोनवर सल्ला एवढ्या गोष्टी मिळणार होत्या. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण करार अजून चालू आहे आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील काही दुरुस्त करून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

हा खर्च मी हौसेने केला असे म्हणता येणार नाही. युरोपात माल पाठवायचा तर अपेडा या केंद्राच्या कृषिनिर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या संगणक-प्रणालीवर बागेची नोंद आणि औषधांच्या अंशाची तपासणी या गोष्टी आम्हांला अंगवळणी पडल्या आहेत. पण गेल्या वर्षी माझ्या निर्यातदाराने ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राच्या जोडीला ‘ग्रास्प’ हे मजुरांच्या परिस्थितीचे मूल्यमापनही मागितले. त्यात कामाचे तास, वेतनाची चिठ्ठी, तक्रार करण्याची सोय, मजुरांचा प्रतिनिधी असे प्रश्न असतात. माझ्याकडे उत्तर म्हणून होती ती मुकादमाच्या खिशातली, घामाने कडा विरघळलेली एक छोटी डायरी.

तीन दिवसांच्या वर्गात आम्ही सतराजण होतो. द्राक्षवाले बहुसंख्य, दोन डाळिंबवाले, एक पोल्ट्रीवाले आणि एक बेदाण्याचे शेड चालवणारे गृहस्थ. शिकवणारे साहेब कामगार खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुमच्याकडे कामगार किती?” सगळ्यांची उत्तरे एका सुरात आली: दोन सालदार, एक सालदार, तीन. “आणि छाटणी कोण करतं? थिनिंग, डिपिंग, पॅकिंग?” मागच्या बाकावरचे अण्णा म्हणाले, “ती टोळी असते साहेब, ती मुकादमाची. आमचा आणि त्यांचा संबंध उक्त्यापुरता.” साहेबांनी फळ्यावर ‘उक्ते’ एवढाच शब्द लिहिला आणि पहिला संपूर्ण दिवस त्या एका शब्दावर घालवला. शुल्कातला अर्धा भाग त्या दिवशी वसूल झाला, असे मला आजही वाटते.

उक्ते म्हणजे एकरी ठोक रक्कम ठरवून काम दिले की किमान वेतनाचा प्रश्न उरत नाही, असे आपण धरून चालतो. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत शेतीचा पहिल्यापासून समावेश आहे आणि त्या व्याख्येत नांगरणी-कापणीबरोबर दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, फळबागा आणि माल बाजारासाठी तयार करण्याचे कामही येते. आता त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असली तरी तत्त्व तेच राहिले आहे: कामाच्या मापावर पैसे ठरले तरी माणसाच्या हाती पडणारी रक्कम वेळेच्या हिशोबाने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा खाली जाता कामा नये. साहेबांनी आम्हांला स्वतःच्या वहीतला एक व्यवहार मांडायला लावला. माझे थिनिंगचे, म्हणजे घडांच्या विरळणीचे, उक्ते एकरी १२,००० रुपये होते. १४ माणसांनी दोन दिवसांत एकर संपवला तर माणशी दिवसाला ४२९ रुपये पडतात, पण घड दाट असल्याने त्याच एकराला तीन दिवस लागले तर तोच आकडा २८६ वर येतो. मी उक्ते देताना एकराचा भाव पाहत आलो, माणसाचा दिवस कधी मोजला नव्हता. हिशोब मांडून झाल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मुकादमाबद्दलचा भ्रमही तिथेच फिटला. मुकादमाने टोळीचे पैसे बुडवले, तर संहितेनुसार ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्या मालकावर ती रक्कम देण्याची जबाबदारी येते. रोजाने लावलेल्या माणसाचे वेतन पाळी संपताना, आठवड्याच्या हिशोबाचे साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याचे पुढच्या महिन्याच्या सात दिवसांत आणि काम सोडणाऱ्याचे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. “माल निर्यात झाला की देऊ” ही आमच्याकडची रूढ मुदत यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. बाईची हजेरी आणि गड्याची हजेरी असे दोन भाव सांगण्याची पद्धतही अशीच. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष असा भेद करून वेगळे वेतन देण्यास १९७६ पासून मनाई आहे. यावर साहेबांनी सुचवलेला उपाय म्हणजे हजेरीला कामाचे नाव द्यावे, माणसाचे नव्हे. तो कागदावर नीटस दिसतो. परंतु विरळणीला कमी आणि छाटणीला जास्त भाव लावून विरळणीला फक्त बायाच लावल्या, तर नाव बदलून जुनाच भेद चालू ठेवल्यासारखे होते, हे माझे मत मी तिथेही मांडले आणि साहेबांनी ते हसून मान्य केले.

ऑगस्टमधली पहिली भेट ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू ठरली. संस्थेच्या तरुण सल्लागार बाई पॅकहाऊसच्या दारात उभ्या राहिल्या, आत कॉम्प्रेसरकडे पाहिले, बाहेर बागेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “काका, या उंबऱ्याच्या अलीकडे तुम्ही शेतकरी आणि पलीकडे कारखानदार.” त्यामागचे कारण असे की कायद्याच्या भाषेत उत्पादन प्रक्रियेत माल धुणे, पॅक करणे आणि शीतगृहात साठवणे यांचा समावेश होतो. विजेच्या साहाय्याने अशी प्रक्रिया चालणाऱ्या जागेत मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी २० किंवा अधिक कामगार असले की ती जागा कारखान्याच्या व्याख्येत जाते. ‘कोणत्याही एका दिवशी’ हे शब्द आमच्यासारख्यांना घातक आहेत. वर्षातील नऊ महिने माझ्या पॅकहाऊसमध्ये तीन माणसे असतात; फेब्रुवारी-मार्चमध्ये कंटेनर लागला की सव्वीस होतात. मी स्वतःला तीन माणसांचा मालक समजत होतो, कायद्याच्या लेखी मी सव्विसांचा होतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेबाबत त्यांनी दिलेला सल्लाही मला सावध आणि प्रामाणिक वाटला. ही योजना सर्वसाधारणपणे १० कामगारांपासून लागू होते आणि तीत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ व कामगाराचे ०.७५ टक्के भरावे लागतात. हंगामी कारखान्यांना ती वगळते, म्हणून आमच्या भागातील अनेकजण “आपलं तर हंगामीच” म्हणून निश्चिंत असतात. बाईंनी व्याख्या काढून दाखवली: हंगामी कारखाना म्हणजे हंगामात चालणारा कोणताही कारखाना असा अर्थ नाही, कायद्याने नाव घेऊन सांगितलेले ठराविक उद्योगच त्यात येतात आणि द्राक्षाचे पॅकिंग त्या नावांत नाही. त्या गोड बोलून सुटका सांगू शकल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. २० माणसांवर भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न उभा राहतो, तोही त्यांनी माझ्या आकड्यांवर मांडून दाखवला.

बालकामगारांविषयी बोलतानाही त्यांनी एक गैरसमज नेमका पकडला. पेठ-सुरगाण्याकडून टोळी येते ती कुटुंबासह येते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी दुपारी कात्री घेऊन वेलीखाली बसलेली दिसते आणि विचारले तर “आईला मदत करते” असे उत्तर मिळते. २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या व्यवसायात शाळेनंतर मदत करण्याची सवलत ठेवली आहे, तिचा आधार घेऊन आपण गप्प बसतो. पण ती सवलत मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायापुरती आहे, आणि माझी बाग हा त्या मुलीच्या कुटुंबाचा व्यवसाय नव्हे. चौदा वर्षांखालील मूल कामाला लावल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. या हंगामात मी बांधावर एक सावलीचे शेड आणि मुलांना सांभाळायला एक बाई एवढी सोय केली. खर्च फारसा आला नाही, आणि हे आधी का सुचले नाही याचे मला वैषम्य वाटले.

इथवर वाचून ही सेवा निर्दोष आहे असे वाटेल, तर तसे नाही. बाईंच्या भेटीनंतर आठवड्याने नमुन्यांचे पाकीट आले, आणि त्यात मुकादमाशी करायच्या कराराचे सहावे कलम वाचून मी जागीच थबकलो. “दिलेली उचल पूर्णपणे फिटेपर्यंत टोळीतील कोणत्याही मजुरास काम सोडून जाता येणार नाही,” असे त्यात छापलेले होते. उचल देऊन माणसाचे काम सोडण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे म्हणजेच वेठबिगारी. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने असे कर्जच रद्दबातल ठरवले आहे, आणि अशी वेठ लादणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्गात याच साहेबांनी एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निर्णय समजावून सांगितला होता, ज्यात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीची मजुरी ठरवली गेली. आणि त्यांच्याच कार्यालयाने माझ्या सहीसाठी पाठवलेल्या कागदात मी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करावा, अशी व्यवस्था होती. फोन केल्यावर “तो जुना नमुना चुकून गेला” असे सांगण्यात आले. वर्गातल्या सतरा जणांपैकी किती जणांनी तो चुकून गेलेला नमुना सही करून घेतला, हे विचारल्यावर उत्तर आले नाही. म्हणून मी स्वतः सगळ्यांना फोन केले. तिघांनी केला होता. ज्या सेवेचे सारे काम माणसाला कागदावर सुरक्षित ठेवण्याचे आहे, तिच्याकडून झालेली ही चूक मी किरकोळ मानत नाही.

दुसरी त्रुटी अपघाताच्या बाबतीत होती, आणि ती मला प्रत्यक्ष प्रसंगातून कळली. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची रंग घातलेली पेस्ट लावतात. हे काम करणाऱ्याने त्या काळात दारूला स्पर्शही करू नये, कारण हे रसायन शरीरात दारूचे पचन अडवते. आमच्या टोळीतला एक गडी संध्याकाळी प्यायला. तासाभरात त्याचा चेहरा लालबुंद झाला, धाप लागली आणि त्याला दवाखान्यात न्यावे लागले. सकाळी तो सावरला. मी सल्लावाहिनीवर विचारले, तेव्हा तत्काळ उत्तर मिळाले: “तो प्यायला होता, म्हणजे मालकाची जबाबदारी नाही.” हे उत्तर अर्धवट आहे. अपघाताच्या वेळी कामगार नशेत असल्याची सबब नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे खरी, पण अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ती सबब चालत नाही. शिवाय इथे इजेचे मूळ मी दिलेल्या कामातल्या रसायनात होते, आणि ती सूचना टोळीला कोकणा बोलीत कोणी समजावून सांगितली होती का, हा प्रश्न मलाच विचारला गेला असता.

याहून गंभीर म्हणजे, नुकसानभरपाईचा हा भाग शेतीला कसा लागू होतो, हे तीन दिवसांच्या वर्गात पंधरा मिनिटांत गुंडाळले गेले होते. साध्या मशागतीच्या कामाला पंचवीसहून अधिक माणसांची अट आहे, हे सांगितले गेले आणि निम्मे श्रोते निर्धास्त झाले. परंतु ट्रॅक्टर व यंत्राने चालणारी शेती, कीटकनाशकांची फवारणी, यंत्राने मळणी आणि पाण्याच्या पंपाची दुरुस्ती ही कामे अनुसूचीत स्वतंत्रपणे दिलेली आहेत व त्यांना माणसांच्या संख्येची ती अट नाही. फवारणीचा ब्लोअर चालवणारा एकच गडी असला तरी मालक जबाबदार असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी शेतीवरच्या कोणत्याही वर्गात हा विषय पहिल्या तासाला यायला हवा.

रक्कम किती होते, ती पाहा. मृत्यूच्या बाबतीत महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचा असतो. तीस वर्षांच्या माणसासाठी हा गुणक २०७.९८ आहे. वेतन १२,००० रुपये धरले तर भरपाई १२,४७,८८० रुपये होते. दोन एकर विकल्याशिवाय उभी राहणार नाही अशी ही रक्कम आमच्यापैकी अनेकांना ठाऊकच नव्हती. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येक मजुराची काढून द्यावी, हा संस्थेचा सल्ला चांगला आहे आणि मी तो पाळला. पण तीतून मिळणारे दोन लाख मजुराच्या कुटुंबाचे, त्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. शेतकरी अपघातासाठी राज्याची जी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, ती खातेदार आणि त्याच्या कुटुंबीयासाठी आहे, मजुरासाठी नाही. मालकाच्या या जबाबदारीचा स्वतंत्र विमा साधारण विमा कंपन्या देतात, हे मला सल्लागारांकडून कळले नाही, ट्रॅक्टरचा विमा नूतनीकरण करायला आलेल्या एजंटाकडून कळले.

नोंदवह्यांविषयी थोडक्यात सांगतो. त्या गिरणीसाठी छापलेल्या आहेत. महिन्याच्या एकतीस रकान्यांत एका जागी रोज येणारी माणसे बसतात. तीन दिवस माझ्याकडे, दोन दिवस शेजाऱ्याकडे आणि पावसाने एक दिवस खाडा अशी फिरणारी टोळी बसत नाही. मी शेवटी शाळेची लांब वही घेऊन प्लॉटवार पाने आखली: तारीख, काम, माणसांची नावे, सुरू-बंदची वेळ, उक्त्याची रक्कम, माणशी पडलेला आकडा, दिलेली उचल, सही किंवा अंगठा. ग्रास्पच्या मूल्यमापनाला आलेल्या निरीक्षकांनी छापील वह्या बाजूला ठेवल्या आणि हीच वही तासभर चाळली. भिंतीवर लावायला दिलेले लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीचे फलक इंग्रजीत होते. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, आणि हंगामी व मुकादमामार्फत आलेल्या बायाही त्यात मोजल्या जातात. एवढी महत्त्वाची गोष्ट ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच वाचता येणार नाही अशा भाषेत टांगून ठेवण्यात काय साधले, कोण जाणे. फलक माझ्या सुनेने मराठीत लिहून काढला आणि टोळीतल्या एका शिकलेल्या मुलीने तो जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला.

सेवेची खरी कसोटी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागली. त्या दिवसापासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. ज्या कायद्यांच्या नावांनी आमची पुस्तिका भरली होती, त्यांतील निम्मी नावे हंगामाच्या ऐन तोंडावर जुनी झाली. संस्थेने त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर इंग्रजी प्रसिद्धीपत्रक पाठवले आणि नंतर पाच आठवडे काहीही नाही. मला जाणून घ्यायचे होते ते साधे होते: संक्रमणकाळात जुने नियम कुठवर चालतील, दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचे तर टोळीला ते कसे द्यावे, आणि ठराविक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर उपदान (ग्रॅच्युइटी) लागू होते ते माझ्या पॅकहाऊस पर्यवेक्षकाला लागू होईल का. जानेवारीत झालेल्या दुसऱ्या भेटीत बाईंनी या तिन्हींची समाधानकारक उत्तरे दिली आणि आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली: वेठबिगारी, बालकामगार आणि लैंगिक छळ प्रतिबंध हे तीन कायदे त्या २९ मध्ये नाहीत, ते पूर्वीसारखेच स्वतंत्र उभे आहेत, तेव्हा “आता सगळं बदललं” म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. माणूस समोर आला की ही संस्था उत्तम आहे. तिचे कार्यालय आणि तिचे कागद मात्र त्या माणसाच्या पासंगाला पुरत नाहीत.

शुल्काचा विचार केला तर ११ एकरांच्या बागायतदाराला २४,००० रुपये जड नाहीत, कारण औषधांच्या एका फेरीतच तेवढे जातात. दोन-तीन एकरवाल्याने मात्र एकट्याने हा करार करू नये. चार-पाचजणांनी मिळून एक भेट आणि एक दिवसाचा वर्ग मागावा. ज्यांच्याकडे पॅकहाऊस, बेदाणा शेड किंवा शीतगृह आहे त्यांनी पहिली भेट हंगामाआधी आणि स्वतःच्या जागेवरच घ्यावी. कोणताही छापील करार सही करण्यापूर्वी उचलीचे कलम आधी वाचावे.

पुढच्या वर्षासाठी मी नूतनीकरण केले आहे, पण वर्ग आणि नमुने वगळून फक्त भेटी व सल्ला, ९,००० रुपयांत. पत्रात दोन अटी घातल्या आहेत: त्या तिघांचे सही झालेले करार संस्थेने स्वखर्चाने बदलून द्यावेत, आणि भेट देणाऱ्या त्याच बाई असाव्यात. दुसरी अट त्यांनी लगेच मान्य केली. पहिलीवर “बघतो” असे उत्तर आले असून तिघांपैकी एकाचा करार बदलून आला आहे.